पाणी गोठण्याआधी

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि महिन्याभरात सौदीतल्या रास तनुराच्या तेलकंपनीच्या वसाहतीतली बरीचशी अमेरिकन कुटुंबं मायदेशी निघून गेली. त्यांच्यातल्या एका इंजिनियरने जाताना आपली मोटरहोम मागे सोडली. सुट्टीत बायकापोरांना घेऊन वाळवंटात हिंडायला त्याने ती हौसेने आणली होती. बाहेरून बससारखी, आत पलंग, ओटा, बेसिन, गीझर, संडास, मोरी, सगळं. डिसेंबरात दम्माममधल्या एका खाजगी इस्पितळाने ती मागून घेतली. दूर उत्तरेला रफहाच्या अलीकडे एका वस्तीतल्या शाळेत कुवेतहून निसटलेली चाळीसेक कुटुंबं राहत होती. त्यांच्यासाठी फिरता दवाखाना हवा होता.

नर्स म्हणून निघाली सकिना खतीब, श्रीवर्धनची. गाडी चालवायला तिचा नवरा तौकीर. आणि गाडीतल्या पाण्याची जबाबदारी पडली जलाल परकारवर.

जलाल हर्णैचा. वय अठ्ठेचाळीस. बारा वर्षं रास तनुरात प्लंबर होता आणि आपल्या कामाबद्दल त्याला कधी शंका नसे. नळ गळत असेल तर तो नळाकडे न बघता आधी आवाज ऐकायचा, मग सरळ योग्य तो पाना उचलायचा. त्याचा साहेब होता रत्नाकर देवधर, नाशिकचा मेकॅनिकल इंजिनियर, वयाने त्याच्याहून दहा वर्षांनी लहान.

"जलालभाई, तिकडे थंडी फार असते म्हणे," निघायच्या दिवशी रत्नाकर म्हणाला. "पाणी गोठतं."

"गोठू दे साहेब. बर्फ मला नवा नाही."

रत्नाकर हसला. त्याला वाटलं, हा गंमत करतोय. पण जलाल खरंच सांगत होता. आखातात येण्याआधी नऊ वर्षं त्याने हर्णैच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात काढली होती. मासळीच्या होड्या लागायच्या आत लाद्या तयार ठेवायचं त्याचं काम. पाण्याचा बर्फ होताना काय होतं हे त्याने हजारदा पाहिलं होतं. डबा काठोकाठ भरला तर लादी वर फुगून यायची आणि डब्याच्या कडेला तडे जायचे. म्हणून ते डबा चार बोटं रिकामा ठेवत.

जानेवारीच्या आठ तारखेला ते निघाले. मोटरहोम तौकीरच्या हातात, मागून पिकअपमध्ये जलाल. सोबत हत्यारं, पाण्याचे कॅन, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि दोन डबे रेडिएटरचं कूलंट, गाड्यांसाठी. तेलवाहिनीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर फौजी ट्रकांची रांग संपत नव्हती. दोन दिवसांची वाट तीन दिवसांत झाली. वस्तीत पोचले तेव्हा शाळेच्या अंगणात बायका उन्हाला बसल्या होत्या. गाडी दिसताच पोरं धावत आली आणि सकिनाने हात धुवायला नळ सोडला तसं पाण्याकडे बघत उभी राहिली. शाळेतल्या नळांना दिवसातून तासभरच पाणी यायचं.

तीन दिवस दवाखाना सुरळीत चालला. सकिना रोज साठ-सत्तर माणसं तपासायची, जड वाटेल ते रफहाच्या इस्पितळात पाठवायची. त्यात नूरा नावाची एक कुवेती मुलगी होती, पहिलटकरीण, नववा महिना. तिला रफहाला नेऊन ठेवायचं ठरत होतं, पण नवरा कुवेतमध्ये अडकलेला आणि सासूला सोडून ती हलायला तयार नव्हती.

रविवारी दुपारी शाळेचा चौकीदार जलालजवळ आला. म्हातारा बदू, आयुष्यभर उंटांमागे हिंडलेला. वारा पडलाय, आभाळ कोरं आहे, त्याने हातवाऱ्यांनी सांगितलं. उद्या पहाटे पाण्याचा दगड होणार.

जलाल गाडीखाली वाकला. पाण्याची टाकी आणि निम्मे पाइप तळाच्या पत्र्याखालून गेले होते, अगदी उघड्यावर. आत गॅसचा हीटर होता, पण गॅसची सिलिंडरं दोनच उरली होती आणि नवीन कधी येतील कुणी सांगू शकत नव्हतं. रस्त्यावरचे सगळे ट्रक फौजेच्या दिमतीला होते. रात्रभर हीटर लावणं शक्य नव्हतं, आणि लावूनही खालच्या पाइपांना ऊब मिळाली नसती.

पेट्रोल पंपावर टेलिफोन होता. तासभर थांबून जलालने रास तनुराला फोन लावला.

"सोपं आहे," रत्नाकर म्हणाला. "कूलंट आहे ना तुझ्याकडे? टाकीत ओत, पंप चालव, सगळ्या नळांतून हिरवं पाणी येईपर्यंत. रेडिएटर गोठत नाही, मग पाइप कसे गोठतील?"

"साहेब, ते विष आहे."

"नंतर धुऊन काढ."

"नळातून निघेल. टाकीच्या कोपऱ्यात राहिलं तर? इथं त्याच पाण्यात दुधाच्या बाटल्या धुतात."

रत्नाकरचा आवाज जरा चढला. "अमेरिकन लोक करतातच ना? दर हिवाळ्यात ते अँटिफ्रीझ घालतात, मला माहीत आहे."

"ते वेगळं असेल साहेब. माझ्याकडच्या डब्यावर कवटी छापलीय."

"मग काय करणार तू? एक पाइप फुटला तर दवाखाना बंद. इस्पितळवाले मला विचारतील."

"त्यांना माझं नाव सांगा. मी कूलंट घालणार नाही. पाणीच ठेवत नाही पाइपात, मग गोठेल काय?"

"जलालभाई, हे मी सांगितलेलं नाही, लक्षात ठेव."

"ठेवलं," जलाल म्हणाला आणि फोन ठेवला. त्याला राग आला नव्हता. रत्नाकर हुशार माणूस होता, पण त्याने कधी बर्फ भरलेला डबा उचलला नव्हता.

परत आल्यावर त्याने आधी गीझरचा गॅस बंद केला. पाणी निवायला वेळ हवा होता. तौकीरला त्याने सगळे रिकामे कॅन आणायला लावले.

"पिण्याचं आणि उद्याचं पाणी आधी काढून घे. कॅन आत, पलंगाखाली. वर घोंगड्या टाक. एकही बाहेर राहता कामा नये."

"चाचा, मग गाडी कोरडी?"

"ठणठणीत."

टाकीचं बूच त्याने काढलं, पाणी वाळूत पसरलं. गीझर हाताला गार लागल्यावर त्याची वरची झडप उचलून खालचा नट सोडला. तिथून बराच वेळ धार चालली. मग पाइपांच्या सर्वांत खालच्या जागी असलेले दोन छोटे कॉक उघडले, एक गरम पाण्याचा, एक थंडचा. अमेरिकनांनी ते बरोबर जागी दिले होते, एवढं मानायला हवं, असं तो म्हणाला. तौकीरने मागची चाकं दोन फळ्यांवर चढवली तेव्हा आणखी लोटाभर पाणी आलं.

"झालं?" तौकीरने विचारलं.

"झालं कसलं? वळणावळणांत पाणी बसलेलं असतं. टायरचा कॉम्प्रेसर आण."

जलालने एक रबरी नळी जोडून तिचं तोंड पाण्याच्या जोडणीला बसवलं. काट्यावर त्याची नजर होती. टायरला लागते त्याहून किती तरी कमी हवा त्याने ठेवली. हे पाइप राखाडी प्लॅस्टिकचे होते, जोर दिला असता तर बर्फाची वाट न बघता तिथेच उखडले असते. सकिना आत एकेक नळ उघडत गेली. सगळ्यात लांबचा आधी.

"थुंकतोय!" ती आतून ओरडली.

"थुंकू दे. नुसती हवा येईपर्यंत बंद करू नकोस. आता गरमचा. आता संडासाचं पेडल दाब, बाय."

पंपाचं बटण त्याने दोन सेकंद दाबून सोडलं. शेवटचा घोट बाहेर पडला.

राहिले बेसिनखालचे वाकडे पाइप. वास अडवायला त्यांत पाणी लागतंच, ते रिकामे करून चालत नाही. जलालने सकिनाकडे पातेलं मागितलं, पाणी मागितलं, आणि पिशवीभर मीठ. मीठ विरघळवत तो म्हणाला, "आता एक बटाटा दे."

"बटाटा कशाला?"

त्याने बटाटा पातेल्यात सोडला. तो तळाशी बसला. आणखी मीठ घालून ढवळलं. बटाटा हळूच वर आला आणि तरंगायला लागला.

"आमच्या कारखान्यात डबे खाऱ्या पाण्यात बुडवायचे," तो म्हणाला. "डब्यातल्या गोड पाण्याची लादी व्हायची, पण भोवतीचं खारं पाणी वाहतंच राहायचं. बटाटा तरंगला म्हणजे मीठ पुरेसं. हर्णैचा मुकादम असाच बघायचा."

"मग सगळ्याच पाइपांत हेच का नाही भरत?" तौकीर म्हणाला.

"पंप आणि गीझर आठवड्यात गंजून जातील. हे फक्त सांडपाण्याच्या रस्त्याला."

प्रत्येक बेसिनमध्ये, मोरीत, त्याने लोटा लोटा खारं पाणी ओतलं. सूर्य शाळेच्या गच्चीमागे गेला तेव्हा सगळी बुचं उघडी, सगळे नळ उघडे होते आणि गाडी कोरडी होती. जलाल चौकीदाराच्या खोलीत जाऊन निर्धास्त झोपला.

पहाटेच्या नमाजाला तो उठला तेव्हा ओठ हलेनात. अंगणातल्या बादलीत त्याने बोट घातलं, ते टणकन आपटलं. उजाडता उजाडता शाळेच्या मागून बायकांचा गलका ऐकू आला. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा लोखंडी पाइप उभा चिरला होता आणि चिरेतून बर्फाची पांढरी कड बाहेर आली होती. शाळेत पाण्याचा थेंब नव्हता.

तो मोटरहोमकडे गेला. खाली वाकून एकेक सांधा हाताने चाचपला. सगळं जागच्या जागी. त्याला समाधान वाटलं. ऊन आलं की नऊ-दहाला पाणी भरू, असा त्याने हिशेब केला.

तेवढ्यात नूराची सासू अबाया सावरत पळत आली. सकिनाने दार उघडून तिचं ऐकलं आणि तिथूनच हाक मारली, "तौकीर, स्ट्रेचर! नूराला रात्रीपासून कळा येताहेत. पाणमोट फुटलीय."

रफहाला न्यायला वेळ नव्हता. मुलीला आत आणलं तेव्हा कळा दोन-दोन मिनिटांवर आल्या होत्या. सकिनाने हीटर लावला, शेगडीवर पातेलं चढवलं आणि दारात येऊन जलालला म्हणाली, "चाचा, पातेल्यातल्या पाण्याने भागणार नाही. मला नळाचं वाहतं पाणी हवं. हात सारखे धुवावे लागतील. किती वेळ?"

"वीस मिनिटं."

त्याने बुचं लावली, कॉक बंद केले. पलंगाखालचे कॅन घोंगड्यांमुळे जेमतेम गोठायचे वाचले होते. ते टाकीत रिकामे केले. गीझर भरायला लावला. पंपाचं बटण दाबलं. बेसिनचा नळ खोकला, थुंकला, आणि मग बारीक धार आली. पण जोर नव्हता. जलालने नळ बंद केला. पंप थांबायला हवा होता. तो टकटक करतच राहिला.

जलालचं तोंड उतरलं. नळ बंद असताना पंप चालतोय म्हणजे पाणी कुठून तरी बाहेर जातंय.

"चाचा!" बाहेरून तौकीर ओरडला. "इकडे, बाजूने गळतंय!"

गाडीच्या डाव्या अंगाला, चाकाच्या वर, पत्र्यात वीतभर चौकोनी झाकण होतं, रंगात मिसळलेलं. त्याच्या फटीतून पाणी ओघळत होतं. जलालने किल्ल्यांच्या जुडग्यातली सगळ्यात छोटी किल्ली लावली. आत एक लहानसा शॉवर होता. वाळूने भरलेले पाय बाहेरच्या बाहेर धुवायला त्या अमेरिकनाने ठेवलेला. त्याचा नळ उघडा नव्हता, त्यातून हवा गेली नव्हती, आणि रात्री तिथलं चमचाभर पाणी गोठून नळाचं पितळ मधोमध फाटलं होतं.

"हे मी बघितलंच नाही," जलाल म्हणाला. तौकीरला नव्हे, स्वतःलाच. तीन दिवस तो या गाडीच्या अवतीभवती होता, त्याआधी आठवडाभर रास तनुरात तिचे नळ बदलत होता, आणि हे झाकण त्याने एकदाही उघडलं नव्हतं.

आतून नूराची किंकाळी आली. जलाल हलला.

"पंप बंद कर. झाडू आण."

"झाडू?"

"लाकडी दांड्याचा. यल्ला!"

नळ पूर्ण कापून टाकायचा, एवढाच उपाय होता. दोन पाइप, गरम आणि थंड, करवतीने त्याने मागून तोडले. बोटं इतकी गारठली होती की पातं धरल्याचं कळत नव्हतं. दोनदा करवत निसटली आणि अंगठ्यातून रक्त आलं. तौकीरने दांडा धरला, जलालने त्याची दोन टोकं कापून चाकूने निमुळती केली. पाइपांच्या तोंडांना कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं. थंड प्लॅस्टिकवर हातोडी चालवली असती तर काचेसारखं तडकलं असतं. मग खुंट्या आत ठोकल्या, हलक्या हाताने, फिरवत फिरवत, आणि वरून लोखंडी क्लिपा आवळल्या.

"लाव पंप."

पंपाने सात-आठ ठोके दिले. मग थांबला.

जलाल तसाच कान लावून उभा राहिला. पंप पुन्हा बोलला नाही.

"सकिना, नळ सोड!"

आतून पाणी बेसिनवर आपटल्याचा आवाज आला, भरघोस, एकसारखा. "आलं!" सकिना म्हणाली. "गरम कधी?"

"दहा मिनिटांत. गीझर पेटवतोय."

वीस मिनिटांची पस्तीस झाली होती. सकिनाने त्याबद्दल नंतरही कधी बोलून दाखवलं नाही. साडेआठच्या सुमाराला नूराला मुलगा झाला. वार पडायला वेळ लागला, रक्त बरंच गेलं, आणि जलाल नि तौकीर तासभर गाडीच्या दाराबाहेर उभे राहिले. आत नळ चालू-बंद होत होता आणि तितक्या वेळा पंप ठोके देत होता. मग सकिना बाहेर आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"थांबलं रक्त. दोघंही बरी आहेत." तिने जलालच्या अंगठ्याकडे बघितलं. "दाखवा तो हात."

सासूने जलालसाठी खजूर पाठवले, हुफूफ गावचे नावाजलेले, डब्यात जपून ठेवलेले. त्याने तौकीरबरोबर वाटून खाल्ले आणि मग तो शाळेच्या गच्चीवर चढला, कारण तिथला चिरलेला पाइप आज बदलला नसता तर शंभरावर माणसं पाण्यावाचून राहिली असती.

दुपारी त्याने रास तनुराला फोन केला.

"साहेब, एक नळ फुटला. बाहेरचा शॉवर. चूक माझी, तो रिकामा करायचा राहिला. बाकी सगळं धड आहे, दवाखाना चालू आहे. आज एक बाळंतपण झालं."

रत्नाकर म्हणाला, "मी काल रात्री कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. त्या कूलंटचं. जलालभाई, मुलाच्या पोटात दोन-चार चमचे गेले तरी वाचत नाही म्हणाले. मी सकाळपासून फोनपाशीच बसलोय. म्हटलं, माझं ऐकून तू ओतलं असशील तर?"

"मी सांगितलं होतं ना, नाही ओतणार."

"सांगितलं होतंस. पण मी तुझा साहेब."

बुधवारी संध्याकाळी रत्नाकर स्वतः जीप घेऊन हजर झाला. जीपमध्ये नवा नळ, गॅसची चार सिलिंडरं आणि एक वही होती. रफहाच्या बाजूला आणखी अशाच सहा घरगाड्या येऊन पडल्या होत्या, इस्पितळाच्या, रस्त्याच्या ठेकेदाराच्या. तीन गाड्यांचे पाइप रविवारी रात्रीच्या थंडीत फुटले होते. सगळ्यांना कागदावर लिहिलेली पद्धत हवी होती. जलाल चहाचा कप घेऊन पायरीवर बसला आणि सांगत गेला, रत्नाकर लिहीत गेला. बटाट्यापाशी त्याने पेन थांबवलं.

"हे कसं लिहू?"

"बटाटा तरंगेपर्यंत मीठ, असंच लिहा. आणि सगळ्यात वर लिहा: काम सुरू करण्याआधी गाडीभोवती फिरून सगळी झाकणं उघडून बघा. ते दोनदा लिहा."

रत्नाकरने ते खरंच दोनदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे विमानांच्या घरघरीने सगळे जागे झाले. उत्तरेकडे जाणारी विमानं, एकामागून एक, मोजता येऊ नयेत इतकी. चौकीदाराच्या रेडिओवर कळलं की लढाई सुरू झाली. शाळेत रडारड झाली, काही बायका हसतही होत्या. त्यांना घरी जायची घाई होती. सकिनाने नूराच्या बाळाच्या कानांवर कापूस ठेवून टोपडं बांधलं आणि नेहमीच्या वेळेला दवाखान्याचं दार उघडलं.

रत्नाकर जीपपाशी घुटमळत होता. "कंपनीचं म्हणणं आहे, ज्यांना परत यायचंय त्यांनी यावं. जबरदस्ती नाही. तुझी बायको तिकडे हर्णैला काळजीत असेल. चलतोस का माझ्याबरोबर?"

जलालने उत्तरेकडे एकदा बघितलं. घरी पत्र लिहायला हवं होतं, हे खरं. पण ते संध्याकाळीही लिहिता आलं असतं.

"सहापैकी कुठली गाडी सगळ्यात जवळ आहे?" त्याने विचारलं.

"ठेकेदाराची. बारा किलोमीटर."

"मग तिथे सोडा मला. इथलं आता तौकीर बघेल. मीठ वाटेत घेऊ."

त्याने पिकअपमधून हत्यारांची पेटी आणि कॉम्प्रेसर उचलून जीपमध्ये टाकला, पुढच्या सीटवर बसला आणि दार ओढून घेतलं. मार्च संपेपर्यंत जलाल परकारने त्या भागातल्या अकरा गाड्यांचं काम केलं. त्यानंतर एकीचाही पाइप थंडीने फुटला नाही.